पृथ्वी तोलायची तर काटा कुठे टांगायचा?

कापसाच्या वेचणीच्या हंगामात दिवस कलला की आमच्याकडे धुऱ्यावरच्या बाभळीला काटा टांगला जातो आणि वेचणाऱ्या बाया आपापली गाठोडी घेऊन रांगेने उभ्या राहतात. गाठोडे आकड्याला अडकवले की आतली स्प्रिंग ताणली जाते, काटा खाली सरकतो, मालक आकडा वाचून वहीत टिपतो आणि त्या आकड्यावर त्या दिवसाची मजुरी ठरते. वर्धा जिल्ह्यातील एका खेड्याच्या शाळेत मी विज्ञान शिकवतो. वस्तुमान आणि वजन यांतील फरक शिकवताना मी दर वर्षी याच बाभळीपासून सुरुवात करतो, कारण जिची आई रोज वेचणीला जात असे अशा एका मुलीने मला वर्गात विचारले होते, "सर, पृथ्वी मोजाची म्हटली त काटा टांगाचा कुठी?"

प्रश्न नेमका होता. पाठ्यपुस्तकात पृथ्वीचे वस्तुमान एका ओळीत दिलेले असते, परंतु ते कशाला काय टांगून मोजले, हे त्या ओळीत नसते. ते आपल्या गावात, आपल्या हातांनी कसे काढता येते, ते येथे क्रमाने सांगत आहे. त्यासाठी एक ताणकाटा, दोन पारड्यांचा तराजू, गवंड्याचा ओळंबा, मीटरपट्टी, वेळ मोजता येईल असा मोबाइल, पाण्याची बादली आणि शेतातला एक काळा दगड एवढे साहित्य पुरते. गुरू ग्रहाचे वस्तुमान काढायचे असेल तर लहानशी दुर्बीणही लागेल.

आधी काटा आणि तराजू

आपल्याकडे माल मोजण्याच्या तीन रीती आहेत आणि तिन्ही वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. पायलीने ज्वारी मोजली की तिचे आकारमान कळते, म्हणजे तिने किती जागा व्यापली ते कळते. दोन पारड्यांच्या तराजूत एका बाजूला माल आणि दुसऱ्या बाजूला छाप मारलेली वजने असतात. पृथ्वी दोन्ही पारड्यांना खाली ओढते आणि ओढ सारखी झाली की दांडी आडवी होते. उद्या काही कारणाने पृथ्वीची ओढ निम्मी झाली, असे समजा. दोन्ही पारड्यांवरची ओढ सारखीच घटेल आणि दांडी होती तशीच आडवी राहील. याचा अर्थ असा की तराजू पृथ्वीच्या ओढीचे माप सांगतच नाही. तो एका वस्तूतील द्रव्य दुसऱ्या वस्तूतील द्रव्याशी ताडून पाहतो. हे द्रव्याचे माप म्हणजे वस्तुमान. ताणकाट्याला मात्र दुसरे पारडे नसते, त्यामुळे स्प्रिंग किती ताणली गेली, म्हणजेच पृथ्वीने गाठोड्याला किती जोराने ओढले, एवढेच तो सांगू शकतो. ही ओढ म्हणजे वजन.

घोळ होतो तो काट्यावर छापलेल्या 'किलो' या शब्दामुळे. किलोग्रॅम हे वस्तुमानाचे एकक आहे, वजनाचे एकक न्यूटन आहे. ५० किलोग्रॅमच्या कट्ट्याला आपल्या भागात पृथ्वी सुमारे ४९० न्यूटन एवढ्या बलाने ओढते, आणि काटा बनवणाऱ्याने ४९० न्यूटनांच्या ताणापाशी '५०' असा आकडा लिहून ठेवलेला असतो. बाजार समितीतला इलेक्ट्रॉनिक काटाही मुळात ओढच मोजतो. प्रमाणित वजने ठेवून तो त्या त्या ठिकाणी जुळवून घेतलेला असतो, म्हणून त्याच्यावर दिसणारे किलो विश्वासाने घेता येतात. पूर्वी किलोग्रॅमचे मूळ माप म्हणजे पॅरिसजवळ जपून ठेवलेला प्लॅटिनम-इरिडियमचा एक दंडगोल होता. २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्या निसर्गातील एका स्थिरांकावर बांधली गेली आणि त्या दंडगोलाचे काम संपले.

प्रयोगाला बसण्यापूर्वी आपला ताणकाटा तपासून घ्यावा. पाच लिटरचा तेलाचा रिकामा डबा आधी टांगून त्याचा आकडा लिहावा, मग तो पाण्याने पूर्ण भरून पुन्हा टांगावा. दोन आकड्यांतील फरक जवळपास पाच किलो यायला हवा, कारण एक लिटर पाण्याचे वस्तुमान एक किलोग्रॅमच्या अगदी जवळ असते. ही तपासणी केवळ शाळेपुरती नाही. एका हंगामात आमच्या शिवारात गंजलेल्या काट्यावर कित्येक दिवस मजुरी लिहिली जात होती. पाण्याचा डबा टांगून पाहिला तेव्हा तो काटा पाच किलोला साडेचार दाखवत असल्याचे निघाले. दर दहा किलोंमागे एक किलो कापूस बायांच्या हिशेबातून जात होता. काटा बदलला गेला. आधीचे दिवस मात्र भरून निघाले नाहीत.

ठिकाण बदलले की ओढ बदलते, ही गोष्ट प्रथम घड्याळाने उघडकीला आणली. १६७२ मध्ये झां रिशे नावाचा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ विषुववृत्ताजवळच्या कायेन येथे गेला, तेव्हा पॅरिसमध्ये बिनचूक चालणारे त्याचे लंबकाचे घड्याळ तिथे दिवसाला सुमारे अडीच मिनिटे मागे पडू लागले. विषुववृत्ताजवळ ओढ थोडी कमी असते, म्हणून लंबक सावकाश हलतो. गुरुत्व त्वरण, म्हणजे मोकळी सोडलेली वस्तू पडताना तिचा वेग दर सेकंदाला जेवढा वाढतो तो आकडा, विषुववृत्तावर सुमारे ९.७८ आणि ध्रुवांवर सुमारे ९.८३ मीटर प्रति सेकंद वर्ग असते. आपल्या विदर्भात ते ९.७९ च्या आसपास धरावे. आपल्या गावात जुळवलेला ताणकाटा ध्रुवावर नेला, तर त्याच १०० किलो कापसाला तो जवळपास साडेचारशे ग्रॅम जास्त दाखवील. दोन पारड्यांचा तराजू तिथेही १०० च सांगेल, आणि कापसातले एक बोंडही वाढलेले नसेल.

झोक्यावरची दोन पोती

वजन बाजूला सारून नुसते वस्तुमान हाताला जाणवून द्यायचे असेल, तर निंबाच्या मजबूत फांदीला सारख्याच लांबीच्या दोरांनी दोन पोती टांगावीत, एकात कुटार, म्हणजे भुसा, गच्च भरलेले आणि दुसऱ्यात सोयाबीन. लांबून दोन्ही सारखीच दिसतात. त्यांचा सगळा भार फांदीने उचललेला असतो, म्हणजे त्यांच्या वजनाशी आपल्या हाताचा संबंध राहिलेला नसतो. आता प्रत्येक पोत्याला तळहाताने आडवा धक्का द्यावा. कुटाराचे पोते चटकन सरते. सोयाबीनचे पोते हाताला अडते, हळूच निघते, आणि एकदा निघाले की थांबवताना मनगटाला झटका देते. हलायला आणि थांबायला होणारा हा विरोध म्हणजे वस्तुमानाचा प्रत्यय होय. भरलेली बंडी सपाट रस्त्यावर ओढायला लागताना बैलांना पहिल्या दोन पावलांत जो जोर लावावा लागतो आणि उतारावर ती आवरताना जी धडपड होते, तिच्यामागेही मोठ्या प्रमाणात हेच असते.

चंद्रावर ओढ आपल्या सुमारे एक षष्ठांश आहे. ५० किलोचा सोयाबीनचा कट्टा तिथे ताणकाट्याला लावला तर काटा जेमतेम ८ किलोच्या पुढे सरकेल आणि शाळकरी मूलही तो सहज उचलील. परंतु तोच कट्टा इथल्याइतक्याच वेगाने फेकला आणि कोणी समोरून झेलायला गेले, तर बसणारा धक्का इथल्या इतकाच असेल. हे वाक्य मुलांना पटकन पटत नाही आणि पटू नये, असे माझे मत आहे. आधी झोक्यावरची पोती ढकलू द्यावीत, मग चंद्राचे नाव काढावे.

आता याच पोत्यांकडे आणखी एकदा पाहावे. दोन्ही सारख्याच उंचीवर ओढून एकदम सोडली, तर पहिली काही आंदोलने ती जोडीने झुलतात. कुटार हलके म्हणून ते लवकर परत येत नाही, सोयाबीन जड म्हणून ते रेंगाळत नाही. (कुटाराला हवा जास्त अडवते, त्यामुळे त्याचा झोका लवकर लहान होत जातो, परत येण्याची वेळ मात्र तीच राहते.) सोयाबीनला पृथ्वी पाचपट जोराने ओढत असेल, तर हलायला तेही पाचपट विरोध करते आणि हिशेब सारखा होतो. न्यूटनने सोने, चांदी, शिसे, काच, वाळू, मीठ, लाकूड, पाणी आणि गहू असे नऊ पदार्थ सारख्या लाकडी डब्यांत टांगून हाच प्रयोग केला होता. गव्हाचे नाव आले की माझ्या वर्गातली मुले ताठ बसतात. या एका गोष्टीमुळे पुढचे सारे गणित शक्य होते: लटकणारी किंवा फिरणारी वस्तू किती जड आहे हे माहीत नसले तरी, ती कशी हलते एवढ्यावरून तिला ओढणाऱ्याचा अंदाज घेता येतो.

ओळंब्याने ओढ मोजणे

गवंड्याकडून ओळंबा मागून घ्यावा. तो जड, आटोपशीर आणि सममित असतो, त्यामुळे लंबकाला त्याच्याइतकी सोयीची वस्तू गावात दुसरी नाही. नायलॉनची दोरी ताणते, म्हणून शिवणकामाचा जाड सुती दोरा वापरावा आणि तो घराच्या आढ्याला किंवा दाराच्या चौकटीवरच्या खिळ्याला पक्का बांधावा. गाठीपासून ओळंब्याच्या मध्यापर्यंतचे अंतर बरोबर १ मीटर भरले पाहिजे. दोऱ्याच्या टोकापर्यंत मोजून थांबू नये. एका सेंटीमीटरची चूक उत्तरात शेकडा एक चूक करते. पंखा बंद करावा, ओळंबा चार बोटे किंवा फार तर वीतभराच्या निम्मा बाजूला ओढावा आणि न ढकलता नुसता सोडावा.

एक जाणे आणि एक येणे मिळून एक आंदोलन होते. अशी ५० आंदोलने मोजून त्यांचा एकूण वेळ घ्यावा. सोडताना 'शून्य' म्हणावे आणि ओळंबा पहिल्यांदा परत आला की 'एक' म्हणावे. माझ्या वर्गात एका गटाने सोडतानाच 'एक' म्हटले, त्यामुळे त्यांची आंदोलने ४९ च झाली, वेळ ९८.४ सेकंद आला आणि गुरुत्व त्वरण १०.२ निघाले. दोरा पुन्हा मोजून झाला, मोबाइल बदलून झाला, आणि चूक मोजणीच्या पहिल्या शब्दात आहे हे त्याच गटातल्या एका मुलाने शेवटी शोधून काढले. तो तास फुकट गेला असे मी मानत नाही.

नीट मोजले तर ५० आंदोलनांना सुमारे १००.४ सेकंद लागतात, म्हणजे एका आंदोलनाला २.००८ सेकंद. आता ३९.४८ या संख्येला (ही संख्या म्हणजे वर्तुळाच्या गणितातल्या पाय, π, या संख्येच्या वर्गाची चौपट) लंबकाच्या मीटरमधील लांबीने गुणावे आणि आंदोलनकालाच्या वर्गाने भागावे. ३९.४८ भागिले ४.०३२ म्हणजे ९.७९. आपल्या आढ्याखाली पृथ्वीची ओढ किती आहे, हे आता आपण कोणाच्या सांगण्यावरून मानलेले नाही.

पृथ्वी केवढी आहे

ओढ कळली, पण ओढणारा आपल्यापासून किती दूर आहे तेही कळले पाहिजे. पृथ्वीसारखा गोल त्याचे सगळे द्रव्य मध्यबिंदूत साठवल्यासारखा ओढतो, हे न्यूटनने सिद्ध केले आहे, म्हणून आपल्याला पृथ्वीची त्रिज्या हवी. नागपूर आणि हैदराबाद ही शहरे जवळपास एकाच रेखावृत्तावर, एकाखाली एक आहेत. नकाशावर त्यांचे उत्तर-दक्षिण अंतर सुमारे ४२० किलोमीटर भरते. एकाच दिवशी दोन्ही ठिकाणी एकाच उंचीची काठी उभी करून तिची सर्वांत आखूड सावली मोजली, तर सूर्याच्या उंचीत सुमारे ३.८ अंशांचा फरक आढळतो. ३.८ अंशांना ४२० किलोमीटर, तर ३६० अंशांना सुमारे ३९,८०० किलोमीटर. हा पृथ्वीचा परीघ, आणि त्यावरून त्रिज्या सुमारे ६,३३० किलोमीटर येते. काटेकोर सरासरी मूल्य ६,३७१ किलोमीटर आहे, म्हणजे दोन काठ्यांनी आपण बरेच जवळ पोचलो. त्यासाठी एखाद्या नातेवाइकाला हैदराबादला फोन करावा लागतो, एवढाच खर्च.

हीच गोष्ट अतिशय काटेकोरपणे मोजायला निघालेला माणूस आपल्याच मातीत विसावला आहे. विल्यम लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासजवळ आधाररेषा मोजून त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू केले आणि दक्षिण टोकाजवळून उत्तरेकडे रेखावृत्ताचा एक प्रदीर्घ कंस मोजत आणला; पृथ्वीचा खरा आकार कळावा, हा त्यामागचा मोठा हेतू होता. नागपूरच्या वाटेवर असताना जानेवारी १८२३ मध्ये हिंगणघाट येथे त्याचा मृत्यू झाला आणि त्याची कबर तिथेच आहे. पुढचे काम जॉर्ज एव्हरेस्टने चालवले. हिंगणघाटच्या बाजारात कापूस घेऊन जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना हे ठाऊक असते, आणि मला ही उणीव फार बोचते. वर्गाची सहल काढायची असेल तर या गणितासाठी त्याहून उचित ठिकाण जवळपास नाही.

शिशाचे गोळे

आता एकच आकडा उरतो आणि तो मात्र घरी काढता येत नाही: एक किलोग्रॅमचे दोन गोळे एक मीटर अंतरावरून एकमेकांना किती ओढतात? ही ओढ इतकी क्षीण असते की दोन माणसे शेजारी बसली तरी ती कोणाला जाणवत नाही. जॉन मिशेल या इंग्रज धर्मोपदेशकाने ती मोजण्याचे यंत्र रचले, परंतु प्रयोग होण्यापूर्वीच १७९३ मध्ये तो वारला. ते यंत्र पुढे हेन्री कॅव्हेंडिशकडे आले. सहा फुटांची एक आडवी दांडी बारीक तारेने मधोमध टांगलेली, तिच्या दोन टोकांना पाऊण किलोच्या आसपासचे शिशाचे लहान गोळे, आणि त्यांच्याजवळ आणून ठेवलेले सुमारे १५८ किलोग्रॅमचे शिशाचे मोठे गोळे, अशी ती रचना होती. लहान गोळ्यावरची ओढ मोहरीच्या एका दाण्याच्या शंभराव्या भागाच्या वजनाइतकीही भरत नव्हती. खोलीतल्या हवेच्या झुळुकेने दांडी हलू नये म्हणून कॅव्हेंडिश यंत्र बंद खोलीत ठेवून बाहेरून दुर्बिणीतून तारेचा पीळ वाचत असे. १७९८ मध्ये त्याने निष्कर्ष मांडला तो पृथ्वीच्या घनतेच्या रूपात. आज आपण ज्याला वैश्विक गुरुत्व स्थिरांक म्हणतो, तो त्याच्याच मोजमापांतून काढता येतो. त्याचे मूल्य आज ६.६७४ भागिले १० चा ११ वा घात, असे धरतात.

मुलीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथे मिळते. काटा कॅव्हेंडिशच्या खोलीत टांगलेला होता, आणि त्यावर शिशाचा गोळा होता. गोळा किती ओढतो ते कळले, पृथ्वी किती ओढते ते ओळंब्याने सांगितले. गोळ्याचे वस्तुमान माहीत होते, म्हणून पृथ्वीचे कळले.

गणित असे मांडावे: त्रिज्या मीटरमध्ये घेऊन तिचा वर्ग करावा, त्याला गुरुत्व त्वरणाने गुणावे आणि वैश्विक गुरुत्व स्थिरांकाने भागावे. ६३,७०,००० चा वर्ग ४.०६ गुणिले १० चा १३ वा घात, त्याला ९.७९ ने गुणून स्थिरांकाने भागले की सुमारे ५.९५ गुणिले १० चा २४ वा घात एवढे किलोग्रॅम येतात. मान्य आकडा ५.९७ आहे, म्हणजे ५९७ वर २२ शून्ये. आपल्या उत्तरात पडलेल्या तुटीचा मोठा वाटा पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्याचा आहे. त्या फिरण्यामुळे आपल्या अक्षांशावर ओळंब्याला जाणवणारी ओढ थोडी कमी होते.

काळा दगड काय सांगतो

एवढे मोठे उत्तर खरे कशावरून, असे कोणी विचारले तर शेतातला काळा दगड उचलावा. तो दोरीने ताणकाट्याला टांगून आकडा लिहावा, मग काटा तसाच धरून दगड बादलीतल्या पाण्यात पूर्ण बुडवावा, तळाला टेकू देऊ नये. हवेत २.९ किलो दाखवणारा दगड पाण्यात सुमारे १.९ दाखवतो. इथे मुलांना थांबवून विचारावे, की दगडाचे वस्तुमान घटले काय? घटले नाही, पृथ्वीची त्याच्यावरची ओढही घटली नाही, पाण्याने त्याला खालून उचलून धरले आणि काट्याच्या वाट्याला तेवढा भार कमी आला. काट्यावर दिसणाऱ्या आकड्याकडे पाहून वस्तूबद्दल घाईने निष्कर्ष काढू नये, यासाठी याहून साधा प्रयोग मला सापडलेला नाही. फरक एक किलोचा, म्हणजे दगडाने एक लिटर पाणी बाजूला सारले, म्हणून त्याची घनता पाण्याच्या २.९ पट.

आता पृथ्वीची घनता काढावी. तिचे आकारमान सुमारे १.०८ गुणिले १० चा २१ वा घात घनमीटर होते. वस्तुमानाला त्याने भागले की घनता पाण्याच्या सुमारे साडेपाच पट येते. आपल्या पायाखालचा बेसॉल्ट तिच्या निम्म्याहून थोडाच अधिक आहे, आणि बेसॉल्ट हा पृष्ठभागावरच्या दगडांत जड समजला जातो. तेव्हा आत कुठेतरी याहून पुष्कळ जड द्रव्य असलेच पाहिजे. ते म्हणजे मुख्यतः लोखंडाचा आणि निकेलचा गाभा. ओळंबा, दोन काठ्या आणि बादली यांच्या बळावर आपण जिथे कोणी कधी गेले नाही त्या पृथ्वीच्या पोटात डोकावलो, हे मुलांना सांगताना दर वर्षी माझा आवाज थोडा चढतो.

गुरूला त्याचेच चंद्र तोलतात

दुसऱ्या ग्रहावर ओळंबा नेता येत नाही, परंतु तिथे तो आधीच टांगलेला असतो. ग्रहाभोवती फिरणारा चंद्र सतत त्या ग्रहाकडे पडत असतो. तो किती दूर आहे आणि एका फेरीला किती वेळ घेतो, एवढ्यावरून ग्रहाची ओढ आणि ओढीवरून ग्रहाचे वस्तुमान निघते. पोत्यांच्या झोक्यात पाहिले तसे, त्या चंद्राचे स्वतःचे वस्तुमान, ते ग्रहापुढे नगण्य असेल तर, हिशेबात येतच नाही.

ज्या वर्षी हिवाळ्यात गुरू रात्रभर आकाशात असतो त्या वर्षी रानडुकरांच्या आणि रोह्यांच्या त्रासापायी शेतात जागल करणाऱ्या माणसाइतका उत्तम निरीक्षक कोणी नाही. अंधार दाट, वेळ भरपूर आणि जागा रोज तीच. साध्या दुर्बिणीतूनही गुरूच्या दोन्ही बाजूंना एका रेषेत ठिपके दिसतात. गॅलिलिओने जानेवारी १६१० मध्ये पाहिलेले ते हेच चार चंद्र. मोजमापासाठी मात्र ६० ते ७० मिलिमीटर भिंगाची लहान दुर्बीण तिवईवर बसवून घ्यावी, कारण गुरूचा बिंब स्पष्ट दिसला पाहिजे. वहीत रोज ठरलेल्या वेळी गुरूचे वर्तुळ काढून चारही ठिपक्यांची जागा त्या वर्तुळाच्या व्यासाच्या पटीत लिहावी. चौघांत सर्वांत तेजस्वी तो गॅनिमीड. दोन-तीन आठवड्यांच्या नोंदींवरून दिसेल की तो गुरूपासून जास्तीत जास्त साडेसात व्यासांपर्यंत जातो आणि त्याच बाजूच्या टोकाला सुमारे ७ दिवस ४ तासांनी परत येतो. आभाळ आले आणि एखादी रात्र हुकली तर जागा रिकामी सोडावी, अंदाजाने भरू नये.

गुरूचा विषुववृत्तीय व्यास सुमारे १,४३,००० किलोमीटर आहे, म्हणून गॅनिमीडचे अंतर सुमारे १०,७०,००० किलोमीटर. आता आपल्या चंद्राशी ताडून पाहावे, म्हणजे शून्यांचा त्रास वाचतो. अंतराच्या पटीच्या घनाला फेरीच्या काळाच्या पटीच्या वर्गाने भागले की वस्तुमानाची पट मिळते. आपला चंद्र ३,८४,४०० किलोमीटरवर आहे आणि २७.३ दिवसांत फेरी करतो. गॅनिमीडचे अंतर त्याच्या २.७८५ पट आहे. तिचा घन २१.६. त्याचा फेरीचा काळ आपल्या चंद्राच्या ०.२६२ पट आहे. त्याचा वर्ग ०.०६८६. पहिल्याला दुसऱ्याने भागले की ३१५ येतात. गुरूचे वस्तुमान पृथ्वीच्या ३१८ पट मानले जाते. तीनाचा फरक राहतो, याचे मुख्य कारण आपल्या गावठी चुका नसून आपला चंद्र आहे: तो पृथ्वीच्या सुमारे एक्क्याऐंशीव्या हिश्श्याइतका, म्हणजे इतका भारी आहे, की त्याची फेरी पृथ्वी आणि चंद्र या दोघांचे मिळून वस्तुमान सांगते.

मंगळालाही फोबोस आणि डीमोस हे दोन चिमुकले चंद्र आहेत, त्यामुळे त्याचे गणित असेच सुटते. बुध आणि शुक्र यांना चंद्र नाहीत, आणि म्हणून त्यांची वस्तुमाने दीर्घकाळ इतर ग्रहांच्या किंवा धूमकेतूंच्या मार्गांत त्यांच्यामुळे पडणाऱ्या बारीक फरकांवरून अदमासाने काढावी लागत. १४ डिसेंबर १९६२ रोजी मरिनर २ हे यान शुक्राजवळून गेले, त्याचा मार्ग किती वळला हे त्याच्या रेडिओ लहरींवरून मोजले गेले आणि शुक्राचे वस्तुमान नेमके कळले. म्हणजे माणसाने पाठवलेले यान हाही एक ओळंबाच. आपले मंगळयान २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळाच्या कक्षेत स्थिरावले, तेव्हा त्याला किती वेगाने आणि किती अंतरावर फिरवायचे हे मंगळाच्या याच वस्तुमानावरून आधी मांडलेले होते.

वस्तुमानावरून तिथले वजन

शेवटचा टप्पा उलटा आहे. ग्रहाचे वस्तुमान पृथ्वीच्या किती पट आहे ते लिहावे आणि त्याला त्रिज्येच्या पटीच्या वर्गाने भागावे. तिथे आपला कट्टा किती पट भरेल ते मिळते. गुरू ३१८ पट, त्याची त्रिज्या ११.२ पट, तिचा वर्ग सुमारे १२५, भागाकार अडीच. म्हणजे वस्तुमान तीनशेपटींहून अधिक असूनही तिथल्या ढगांच्या थरावर ५० किलोचा कट्टा आपल्या काट्यावर सव्वाशे किलोच्या आसपासच दाखवील. शनी पृथ्वीच्या ९५ पट आहे, पण इतका विस्तीर्ण आणि विरळ की तिथे काटा पन्नासाच्या थोडाच पुढे सरकेल.

माझ्या मते सर्वांत शिकवणारी जोडी बुध आणि मंगळ यांची आहे. मंगळाचे वस्तुमान बुधाच्या जवळपास दुप्पट, तरीही दोन्ही ठिकाणी आपला कट्टा १९ किलोच्या आसपासच भरतो, कारण मंगळाचा पृष्ठभाग त्याच्या मध्यापासून अधिक दूर आहे. ग्रह किती भारी आहे, यावरून तिथे वस्तू किती जड वाटेल हे परस्पर सांगता येत नाही. आणि 'पृथ्वीचे वजन किती' हा प्रश्नही तसाच अपुरा आहे. वजन म्हणजे ओढ, आणि ओढणारा कोण हे सांगितल्याशिवाय तिला आकडा नाही. बाभळीला टांगलेले गाठोडे पृथ्वीला नेमक्या त्याच बलाने वर ओढत असते, ज्याने पृथ्वी त्याला खाली ओढते. त्या अर्थाने पंधरा किलोच्या गाठोड्यापुरते पृथ्वीचे वजनही काट्यावर पंधराच भरते.

वहीत नोंद करताना दोन रकाने वेगळे ठेवावेत. पहिल्या रकान्यात वस्तुमान, किलोग्रॅममध्ये, एकदाच लिहायचे. दुसऱ्या रकान्यात वजन, न्यूटनमध्ये, आणि त्याच्याबरोबर ठिकाणाचे नाव. ५० किलोच्या कट्ट्यासाठी: हिंगणघाट ४९०, चंद्र ८१, मंगळ सुमारे १८६. ठिकाणाचे नाव नसलेली वजनाची नोंद मी तपासताना परत देतो, आणि त्या मुलीच्या वहीत मात्र ती मला कधी परत द्यावी लागली नाही.